टेबलाखालचे गठ्ठे

१० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. साष्टांग हल्ली कागदावरच जमतो, गुडघे ऐकत नाहीत; तरी पोचला असं समज.

तुझं पत्र येऊन महिना उलटला आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणजे तू मनातल्या मनात माझा उद्धार केला असशीलच. कारण ऐक. एप्रिलमध्ये विद्यापीठ मला निरोप देतंय आणि विद्यार्थ्यांनी गौरवग्रंथाचा घाट घातला आहे. श्रमाच्या अर्थशास्त्रात मी काय दिवे लावले, माझा 'अदृश्य वाटणी'चा सिद्धांत कोणी कोणी उचलला, कुठल्या कायद्याच्या मसुद्यात तो शब्द गेला, यावर जाडजूड लेख येत आहेत. ते मला स्वतःलाही वाचून संपवता येणार नाहीत. पण संपादन करणारी माझी विद्यार्थिनी हट्टाला पेटली आहे की सरांच्या घरचं कोणीतरी लिहिलंच पाहिजे. घरचं म्हणजे आता तूच.

तेव्हा चार पानं लिहून दे. मी लहानपणी कसा होतो ते लिही. वडील गेल्यावर तू शाळा सोडून शिवणकारखान्यात बाह्या शिवायला बसलीस आणि मी शिकलो, तेही लिही. वसतिगृहात असताना तुझं दर आठवड्याला पत्र यायचं. त्या पत्रांची फाइल अजून माझ्या कपाटात आहे. मी एकही फेकलेलं नाही.

पाठ कशी आहे ते कळव. तुझ्या थोरल्या लेकीला आशीर्वाद. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भाऊ


२२ जानेवारी

चि. पंडितास,
अ. आ.

उद्धार केला होता, आणि तो परत घेणार नाही. निरोप देताहेत हे वाचून आधी वाटलं, काढून टाकलं की काय. मग पुढचं वाचलं आणि हसू आलं. तू लहानपणी कसा होतास हे खरंखुरं लिहिलं तर तुझं पेन्शन बंद होईल. शेजारच्याच्या पाटीत डोकावून गणितं सोडवायचास आणि मास्तरांनी विचारलं की रडायला लागायचास. हे ग्रंथात चालेल का ते विचारून ठेव.

कारखान्यातलं मात्र आनंदाने लिहीन. चौदा मशिनांची आमची ओळ, आणि जी जे शिवेल ते तिचं नाव. मी बाहीवाली. माझ्या डाव्या हाताला कॉलरवाली, पुढे खिसेवाली, काजवाली, टोकाला बटणवाली आजी. खरी नावं फक्त हजेरीपटावर होती. कॉलरवाली अजून समोरच राहते, इस्त्रीवाल्याच्या दुकानाच्या वर. सकाळी दोघी एकाच वेळी गॅलरीत कपडे वाळत घालतो आणि दोघी दुसरीकडे बघतो. चाळीस वर्षं झाली या कवायतीला. कारण तुला ठाऊक आहे, तेव्हा मी सगळं लिहिलं होतं.

एक अडचण आहे. ज्याच्यावर लिहायचं त्याचं एक अक्षर मी वाचलेलं नाही. तुझा तो पहिला निबंध, ज्यामुळे तू मोठा झालास, तो आपल्या भाषेत कोणी केला असेल तर पाठवायला सांग. नाहीतर लोक म्हणतील, बहिणीला काही कळत नाही. ते खरं असलं तरी छापून यायला नको.

पाठ दुखते, पण बोलत नाही. असाच लळा ठेव.

तुझी,
ताई


३ फेब्रुवारी

आदरणीय ताई,
सादर नमस्कार. आपण मला पाहिलेलं नाही, पण सर आपल्याविषयी इतकं बोलतात की मी आपल्याला ओळखते.

सरांच्या पहिल्या निबंधाचं मी केलेलं भाषांतर सोबत पाठवते. त्या आधी सगळे धरून चालत की कामगार आपल्यापुरतं बघतो. वेगाने काम करणाऱ्या बायका आपलं संपवून संथ बायकांचंही काम करतात आणि ते गुपचूप त्यांच्या वाट्याला टाकतात आणि त्यामुळे कोणीच कामावरून जात नाही, हे आकड्यांनिशी सरांनीच प्रथम दाखवलं. कामाचं प्रमाण माणशी न मोजता ओळीचं मिळून मोजावं, अशी सुधारणा कितीतरी ठिकाणी त्यातून झाली. हा निबंध न वाचता आमच्या विषयात कोणी पदवी घेत नाही.

आपल्या लेखाला पानांची मर्यादा नाही. हवं तेवढं लिहा. आपला स्नेह मिळावा एवढीच इच्छा.

आपली,
ग्रंथाची संपादक


१२ फेब्रुवारी

चि. भाऊस,
आशीर्वाद.

निबंध वाचला. तीनदा वाचला. आकडे कळले नाहीत, पण बाकीचं सगळं कळलं, कारण ते मीच लिहिलेलं आहे.

दिवसाला नऊ गठ्ठे. आठवड्यात तीन दिवस कमी पडले की घरी. जिचे हात चालतात तिने दहावा गठ्ठा दुसरीच्या कामाचा शिवून तिच्या टोपलीत टाकायचा, पण हाताने नाही, टेबलाखालून पायाने. सुपरवायझर वळला की एकीने खोकायचं. भाऊ, हे बाहेरच्या कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही मी सांगितलं नव्हतं. तुला लिहिलं, कारण तू एकटा होतास, जेवत नव्हतास, आणि माझी पत्रं वाचून तुला हसू येतं असं तू म्हणायचास. खाली बारीक अक्षरात तू लिहिलंयस की हे सर्व लेखकाच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारित आहे. तू कधी त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं होतंस, मला सांग.

श्रेय तू घे, मला त्याचं काही नाही. मला वेगळंच खातंय. एका सोमवारी आम्ही गेलो तर सगळ्या टेबलांच्या मध्ये, खालच्या बाजूने, फळ्या ठोकलेल्या. गठ्ठ्यागणिक नंबरची चिठ्ठी. महिन्याभरात खिसेवाली गेली, तिचा हात थरथरायचा. काजवाली गेली. बटणवाली आजी गेली, तिला तर घरी विचारणारं कोणी नव्हतं. फळ्या खालूनच का ठोकल्या, हे आतल्या माणसाने सांगितल्याशिवाय कसं कळणार? आदल्या आठवड्यात कॉलरवाली दोनदा साहेबाच्या केबिनमध्ये गेली होती. आई आजारी आहे म्हणून रजा मागायला गेले असं म्हणाली, आणि रजा मिळालीही. आम्ही ठरवून टाकलं. तिच्याशी बोलणं बंद, डबा वेगळा, सुई मोडली तर देणं नाही. चार महिन्यांनी तीच सोडून गेली. ओळीत सगळ्यांत जास्त गठ्ठे सरकवणारी तीच होती.

आता मला वाटतंय की सांगणारी ती नव्हती. सांगणारी मी होते, तुझ्या हाताने. तसं असेल तर मला समोर जाऊन तिच्या पाया पडायला हवं. उलट टपाली खरं काय ते लिही.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. तुझी पत्रं वापरली हे खरं. तेव्हा अशी पद्धतच होती, माहिती देणाऱ्याचं नाव कोणी लिहीत नसे, आणि नाव लिहिलं असतं तर तुझीच नोकरी गेली असती. प्रत्यक्ष निरीक्षण हा शब्द चुकला. त्याबद्दल तू मला काय वाटेल ते बोल.

पण दुसऱ्या गोष्टीचं ओझं डोक्यावर घेऊ नकोस. तू हिशेबाला पक्की आहेस, तूच ताडून बघ. फळ्या ठोकल्या तेव्हा थोरली पोटात होती, तुला सहावा महिना होता, असं तुझ्याच त्या वेळच्या पत्रात आहे. निबंधाच्या पहिल्या पानावर छापल्याचं साल आहे. तेव्हा थोरली चालत होती, बोलत होती. दोन वर्षं आधीच घडलेल्या गोष्टीला निबंध कसा कारण होईल? कॉलरवालीने काय केलं असेल ते तिचं तिला माहीत. इतक्या वर्षांनी तू जिने चढून जाऊन जुनी जखम उकरू नयेस, असं मला मनापासून वाटतं.

रागावलीस तरी तुझी सावली माझ्यावर राहू दे.

भाऊ


२८ फेब्रुवारी

चि. पंडितास,
अ. आ.

साल बघितलं. बोटांवर तीनदा मोजलं. तू म्हणतोस ते खरं आहे, आणि मी तुला नाही नाही ते बोलले. म्हातारपणी डोकं असं भलतीकडे धावतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी इस्त्रीवाल्याच्या जिन्याच्या पाचव्या पायरीवर होते. पोस्टमनने खालून हाक मारली म्हणून उतरले, पाकीट तिथेच फोडलं, वाचलं आणि घरी परत आले. वर गेले असते आणि उगाच पाया पडले असते तर केवढी शोभा झाली असती. रात्रीचं जेवण मात्र गोड लागलं नाही. ती तशी नसेल असं आठ दिवस वाटत होतं, ते बरं वाटत होतं. असो.

लेखाची दोन पानं झाली आहेत. पाटीचा किस्सा गाळला, तुझ्यावर उपकार. जे बोलले ते पोटात घाल आणि पूर्वीसारखाच जीव लाव.

तुझी,
ताई


८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अगं, पोटात घालण्यासारखं काही नव्हतंच. मी ते कधीच विसरलो. तूही विसर. लेखाची वाट सगळे बघताहेत. प्रकृतीला जप आणि धाकट्याला अंतर देऊ नकोस.

तुझा,
भाऊ


१५ मार्च

आदरणीय ताई,
सादर नमस्कार. एक छोटी मदत हवी आहे.

सरांच्या कपाटात निबंधाचा पहिला, टंकलिखित खर्डा सापडला. छापील निबंधाच्या दोन वर्षं आधीचा आहे. त्यात आभाराचं एक पान आहे, ते पुढे छापताना गळलं. सरांनी त्यात आपल्या कारखान्याच्या व्यवस्थापकांचे आभार मानले आहेत: त्यांनी उत्पादनाची रजिस्टरं पाहायला दिली, आणि त्याबदली हा खर्डा सर्वांत आधी त्यांना वाचायला दिला, त्यावर त्यांनी मोलाच्या सूचना केल्या, असं लिहिलं आहे. खाली तारीख आहे. ग्रंथात या पानाचं छायाचित्र घ्यावं असं माझ्या मनात आहे. त्या व्यवस्थापकांचा एखादा फोटो आपल्याकडे निघेल का?

सरांना विचारलं तर ते म्हणाले, हे पान घेऊ नका, ताईंनाही त्रास देऊ नका. पण सर स्वतःविषयी नेहमीच संकोचतात. म्हणून परस्पर लिहिते. आपल्या आशीर्वादाची वाट पाहणारी,

संपादक


२१ मार्च

भाऊ,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

तुझ्या विद्यार्थिनीने आभाराच्या पानावरची तारीख कळवली आहे. ती बिचारी निर्मळ आहे, तिला यातलं काही ठाऊक नाही. फळ्या ठोकल्या त्याच्या तीन आठवडे आधीची तारीख. मला आकडे हवे होते, साहेबाला गुपित हवं होतं. म्हणजे मला नाही, तुला. बघ, लिहिताना माझं मीच चुकतेय. तू माझी पत्रं त्याच्या टेबलावर नेऊन ठेवलीस आणि रजिस्टरं उचलून आणलीस.

हे तू चोविसाव्या वर्षी केलंस. ते एकवेळ मी गिळलं असतं. पण परवा तू काय केलंस? छापल्याचं साल दाखवून मला जिन्यावरून खाली उतरवलंस. मी तुझी माफी मागितली आणि तू ती घेतलीस. विसरलो म्हणालास. भाऊ, ती माफी घेताना तुला काहीच झालं नाही का? मी तुला अंगाखांद्यावर वाढवलं, मला तुझा खोकलासुद्धा ओळखू येतो, आणि हे मला ओळखता आलं नाही.

काल मी वर गेले. सगळे जिने चढून गेले. तिने दार उघडलं, बाजूला झाली, खुर्चीवरचे कपडे उचलले. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, माझी पत्रं, तुझा खर्डा, तारीख. ती टॉवेलांच्या घड्या घालत ऐकत होती. शेवटी म्हणाली की सांगितलं कोणी, हा प्रश्न तिला कधीच पडला नाही, कारखान्यात शंभर माणसं, कोणीही सांगितलं असेल. पण शेजारच्या मशिनवर मी होते. मी एकदा तरी तिला विचारायला हवं होतं की हे तू केलंस का. ती नाही म्हणाली असती. मी विचारलंच नाही.

तेव्हा सगळंच तुझ्या गळ्यात मारता येत नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो. तिने चहा केला. पाया मात्र पडू दिलं नाही.

एकच मागते. सत्काराच्या दिवशी भाषणात सांग. गुपित व्यवस्थापकाला मी दिलं, आणि चाळीस वर्षं दोष जिने सोसला तिने काहीच केलं नव्हतं. कॉलरवालीला मी घेऊन येते. ओळीतल्या अजून चौघी आहेत, त्यांनाही आणते. ती म्हणाली, कोणीतरी चारचौघांत मोठ्याने बोललेलं एकदा ऐकायचंय.

ताई


२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. करायचं तोंड नाही, तरी करतो.

होय, मीच दिला. रजिस्टरांशिवाय तुझी पत्रं म्हणजे नुसत्या गोष्टी होत्या, माझे गुरुजी त्या हातातही धरायला तयार नव्हते. साहेब म्हणाले, आधी मला दाखवा. मी स्वतःला समजावलं की त्यांना काय कळणार. फळ्यांचं तुझं पत्र आलं तेव्हा मी दोन दिवस खोलीबाहेर पडलो नाही. मग निबंध पूर्ण करायला बसलो. त्या निबंधाने पुढे हजारो बायकांचं भलं झालं, हे मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलो आहे. ते खोटंही नाही. फेब्रुवारीत तू माफी मागितलीस तेव्हा ते पत्र मी चारदा वाचलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते.

मी सांगेन. सगळ्यांसमोर, मोठ्याने. तू ये, त्या सगळ्यांना घेऊन ये. मला टाकू नकोस.

भाऊ


१८ एप्रिल

भाऊ,

त्या दिवशी स्टेजवरून तुला काय दिसलं ते मला माहीत नाही. खाली काय झालं ते सांगते.

कॉलरवाली ठेवणीतले कपडे घालून माझ्या डाव्या हाताला बसली होती. मागे चौघी. हॉल गच्च होता. तू बोलायला उभा राहिलास, चष्मा पुसलास, आणि म्हणालास की आज एक ऋण जाहीरपणे कबूल करायचं आहे. तिने माझं मनगट धरलं. मग तू म्हणालास की तुझं सगळं संशोधन ज्या पत्रांवर उभं आहे ती एका शिवणकारखान्यातल्या मुलीने लिहिली होती. टेबलाखालचे गठ्ठे, खोकल्याचा इशारा, त्या ओळीतलं एकूण एक गुपित तिने तुला कळवलं, आणि ती मुलगी म्हणजे ही माझी ताई. मला उभं राहायला सांगितलंस. अख्खा हॉल वळला. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. तू डोळे पुसलेस आणि ते नाटक नव्हतं, हे मी ओळखलं.

मी उभी राहिले नाही. टाळ्या संपायची वाट बघत बसले, कारण मला वाटत होतं की तू आता पुढचं बोलशील. तू पाणी प्यालास आणि संयोजकांचे आभार मानायला लागलास.

मागच्या चौघी टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांना एवढंच कळलं की फळ्या कोणामुळे ठोकल्या गेल्या. व्यवस्थापकाचं नाव नाही, खर्ड्याचं नाव नाही. राहिलं काय, तर बाहीवालीने सांगितलं. कॉलरवालीने हळूच विचारलं की त्याचं बोलून झालं का. मी झालं म्हटलं. मग आम्ही दोघी उठलो. बाहेर फुटपाथवर ती म्हणाली की तुझा भाऊ बोलतो छान.

चौघींपैकी एक या आठवड्यात भाजीच्या गाडीशी भेटली. मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मी हाक मारली नाही. कॉलरवाली त्यांच्या घरी जाऊन समजावून येते म्हणाली होती. मी नको म्हटलं. त्यांनी येऊन विचारावं, असं मला वाटतं. आणि असं वाटून घ्यायचा मला काय हक्क आहे, तेही कळतं.

लेख पाठवणार नाही, तुझ्या विद्यार्थिनीला तसं कळवलं आहे. माझ्या पत्रांची फाइल जाळू नकोस, परत पाठव, ती तुझी नाही.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशीच्या तुझ्या चिठ्ठीत तू विचारलंयस की तिकडे काय नवं. इथे सगळं नवं आहे. कोणाच्या घरी काय चाललंय, कोण कोणाला सांभाळून घेतंय, कोण कोणाचं काम आपल्या अंगावर ओढून घेतंय, मला सगळं दिसतं. त्यातलं एक अक्षरही यापुढे तुला कळवणार नाही.

ताई